मरणाची बातमी (भाग ९) : एकाच डेपोतले दोन मंगळवार

कबूल केल्याप्रमाणे आज त्सुनामीकडे यायचं होतं. फुकेतच्या किनाऱ्यावरचे पर्यटक आणि नागपट्टणमचे मच्छीमार, यांना आपल्या वर्तमानपत्रांत किती जागा मिळाली ते शेजारी शेजारी मांडायचं होतं. ते पुढच्या आठवड्यावर. आर्वीच्या एका वाचकांचं पत्र आलंय आणि त्यांनी लेखमालेच्या पायालाच हात घातलाय.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : ‘परदेशातल्या मेलेल्यांना आपल्याकडे कमी जागा मिळते, हे तुमचं पालुपद मला पटत नाही. बैरूतच्या बंदरात स्फोट झाला तेव्हा पुण्यातल्या माझ्या जावयाला तिथं २,७५० टन अमोनियम नायट्रेट होतं हेसुद्धा तोंडपाठ होतं. आमच्या पुलगावचा २०१८ चा स्फोट मात्र त्याच्या गावीही नाही. मी सांगितलं तर म्हणतो, मामाजी, तो २०१६ ला झाला ना?’

पत्र वाचून मी खूशच झालो. या दोन स्फोटांवर मला कधीचं लिहायचं होतं. तोलून बघायला अशी जोडी शोधूनही सापडत नाही : एकच वर्धा जिल्हा, पुलगावचं एकच दारूगोळा भांडार, मध्ये अडीच वर्षं, आणि योगायोगानं दोन्ही दिवस मंगळवार.

पहिला मंगळवार ३१ मे २०१६ चा. मध्यरात्र उलटल्यावर पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारातल्या एका शेडला आग लागली आणि स्फोट सुरू झाले. आगरगाव, नागझरी अशा लगतच्या गावांतली माणसं अंधारात लेकरं घेऊन निघाली. उजाडेपर्यंत आकाशात उठलेल्या ज्वाळा टीव्हीवर देशभर दिसत होत्या आणि दुपारपर्यंत जगभरच्या वाहिन्यांना पुलगाव नकाशावर कुठे येतं ते कळलं होतं. पंतप्रधानांनी ट्विट केलं. संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर आणि लष्करप्रमुख दलबीरसिंग सुहाग त्याच दिवशी येऊन गेले. मृतांचा आकडा १९ वर गेला. त्यात दोन लष्करी अधिकारी होते आणि आग विझवायला आत शिरलेले भांडारातल्या अग्निशमन दलाचे जवान होते. जुन्या सुरुंगांमधून स्फोटक पाझरत होतं का, यावर पुढे कित्येक महिने इंग्रजी दैनिकांत लिहून येत राहिलं.

दुसरा मंगळवार २० नोव्हेंबर २०१८ चा. सकाळची वेळ. जागा देवळी तालुक्यातलं सोनेगाव (आबाजी), भांडाराचं निकामी दारूगोळा नष्ट करण्याचं मैदान. जबलपूरजवळच्या खमरिया आयुध निर्माणीचा मुदत संपलेला माल आला होता. गाडीतून पेट्या उतरवायचं काम ठेकेदाराच्या मजुरांकडे होतं. हे मजूर आसपासच्या गावांतले, रोजीवर आलेले. पेटी उतरवताना स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्या दिवशी वाहिन्यांच्या पट्टीवर पुलगाव आलं, दुसऱ्या दिवशी बहुतेक ठिकाणी उतरलं.

एकोणीस आणि सहा, म्हणजे तिपटीचा फरक. बातम्यांमधला फरक तिपटीत मावणारा नव्हता.

दुसऱ्या बातमीचं नशीब खोटं होतं, असं म्हणता येईल. त्याच दिवशी छत्तीसगडमध्ये मतदानाचा दुसरा टप्पा होता. मुंबईत विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन आदल्याच दिवशी सुरू झालं होतं आणि सगळ्यांचं लक्ष मराठा आरक्षणाकडे होतं. बातमीला शेजार कुणाचा मिळतो, यावर बरंच अवलंबून असतं. दोन स्वीडिश अर्थतज्ज्ञांनी १९६८ ते २००२ या काळातल्या सुमारे पाच हजार नैसर्गिक आपत्ती आणि अमेरिकी टीव्हीवरच्या बातम्या ताडून पाहिल्या. त्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. ऑलिंपिक चालू असताना आलेल्या आपत्तीला बातम्यांत कमी वेळ मिळतो आणि अमेरिकेची मदत मिळण्याची शक्यताही घटते, असं त्यांना आढळलं. सोनेगावच्या माणसांचं मरणसुद्धा असंच गर्दीच्या दिवशी आलं.

पण तेवढ्यानं माझं समाधान होत नाही. कारण त्याच नोव्हेंबरात, वर्धा नदीच्या पलीकडे यवतमाळ जिल्ह्यात, आणखी एक मरण झालं आणि ते जगभर गाजलं. २ नोव्हेंबरच्या रात्री राळेगाव परिसरात टी-१ वाघीण गोळी घालून मारली गेली. अवनी या नावानं ती आजही लोकांना आठवते. लंडन-न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांनी लिहिलं, केंद्रीय मंत्री मनेका गांधींनी राज्य सरकारवर उघड टीका केली, मोर्चे निघाले. वाघिणीबद्दल माझी काही तक्रार नाही. तिची बातमी मोठीच होती. पण त्या परिसरात वाघाच्या हल्ल्यांत गेलेली तेरा माणसं बहुतेक बातम्यांत ‘तेरा बळी’ एवढीच राहिली. परदेशी वाचकाला वाघिणीचं नाव लक्षात राहिलं, त्या तेरांपैकी कुणाचं क्वचितच. आणि खरं सांगायचं तर पुण्या-मुंबईच्या वाचकालाही तसंच.

इथं मला योहान गाल्टुंग यांची आठवण आल्याशिवाय राहत नाही. नियमित वाचकांना तिसऱ्या भागातले गाल्टुंग आणि रूगे आठवत असतील. काँगो, क्यूबा आणि सायप्रसच्या पेचप्रसंगांच्या बातम्या चार नॉर्वेजियन दैनिकांत कशा आल्या, ते तपासून त्यांनी १९६५ साली बातमीचे बारा निकष मांडले. तेव्हा एक गोष्ट लिहायची राहून गेली. वर्ध्याच्या वाचकांना ती आवडेल. हे गाल्टुंग मुळात गांधींचे अभ्यासक. लष्करी सेवेला नकार दिला म्हणून तरुणपणी तुरुंगात गेलेले. गांधींच्या राजकीय नीतिविचारावर आर्ने नेस यांच्यासोबत १९५५ साली पुस्तक लिहिणारे. १९९३ साली त्यांना जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. जमनालालजी म्हणजे गांधींना वर्ध्यात आणून बसवणारा माणूस. परदेशी मरणाची बातमी कशी घडते याचं सर्वांत जास्त उद्धृत होणारं विवेचन करणाऱ्या माणसाच्या गळ्यात वर्ध्याच्या माणसाच्या नावाचा पुरस्कार पडावा, याचं मला फार अप्रूप आहे.

तर त्यांच्या बारा निकषांपैकी तीनच आज पुरे. घटना वर्तमानपत्राच्या वेळेत बसणारी हवी, म्हणजे एका दिवसात सुरू होऊन संपणारी. ती अनपेक्षित हवी. आणि तिच्यात मोठी माणसं हवीत. २०१६ चा पुलगाव तिन्हींत बसतो. २०१८ चा पहिल्या दोहोंत बसतो आणि तिसऱ्यात पडतो. वर्दीतला माणूस गेला की तो आपोआप देशाचा होतो. मंत्री येतो, तिरंगा येतो, कॅमेरा मागून येतोच. रोजीवर पेट्या उतरवणारा गेला की तो सोनेगावचाच राहतो. आर्वीकरांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे आहे. देशी आणि परदेशी ही वाटणी पासपोर्टवरून होत नाही. मेलेल्या माणसावर कुणीतरी मोठ्यानं हक्क सांगावा लागतो. बैरूतमध्ये दोनशेहून अधिक माणसं गेली, आणि तिथं हक्क सांगायचं काम शेकडो फोनमधल्या चित्रफितींनी केलं. त्याच वर्षांत येमेनमध्ये माणसं उपासमारीनं मरत होती. तिथला एखादा आकडा कुणाला तोंडपाठ आहे का, हे आर्वीकरांनी घरच्या पाहुण्यांना एकदा विचारून बघावं.

उरलेलं अर्धं उत्तर आमच्या धंद्यातलं आहे. मी डेस्कवर होतो तेव्हा जिल्हा पान लावणं हे नव्या पोराचं काम असे. रात्री आठ-साडेआठपर्यंत तालुक्यांचे वार्ताहर मजकूर पाठवायचे. वर लीड नगरपालिकेच्या भांडणाचं नाहीतर कापसाच्या भावाचं. उजवीकडे अपघात. आणि खाली, जिथं दोन बोटं जागा उरली असेल तिथं, सिंगल कॉलम : सेलू, समुद्रपूर किंवा कारंजा अशी डेटलाइन, ‘सततची नापिकी व कर्जबाजारीपणाला कंटाळून’ अशी सुरुवात, शेताचं क्षेत्र, बँकेचं कर्ज, आणि ‘पश्चात पत्नी, दोन मुले असा परिवार आहे’ हा शेवट. वाक्यं इतकी ठरलेली, की गाव आणि नाव तेवढं बदलायचं. मग डाक आवृत्तीची गाडी निघायची.

हे पान जातं कुठे? वर्धा जिल्ह्यातच. गाडी पुलगाव सोडून धामणगावच्या दिशेला लागली की नदीवर जिल्हा बदलतो आणि पेपरचं आतलं पानही बदलतं. धामणगावच्या वाचकाला अमरावतीचं पान मिळतं. नदीच्या अलीकडचं मरण त्याच्या घरी पोचत नाही. पान एकवरचं बैरूत मात्र गडचिरोलीपासून कोल्हापूरपर्यंत सारखंच छापलं जातं. आता सगळ्या आवृत्त्या मोबाइलवर उघडता येतात, हे खरं. पण दुसऱ्या जिल्ह्याचं पान आवर्जून उघडणारा वाचक मला अजून भेटायचाय. जिल्हा पानांनी गावोगावच्या माणसाला वर्तमानपत्रात आणलं, हे त्यांचं मोठं काम. त्याची किंमत अशी, की गावातलं मरण गावातच छापून संपतं.

शेतकरी आत्महत्यांचं नेमकं हेच झालं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २००६ साली महाराष्ट्रात ४,४५३ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. दिवसाला बारा. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले आणि १८९ माणसं गेली. त्या वर्षी शेतकऱ्यांचा तेवढाच आकडा सोळा दिवसांत भरत होता, आणि वर्षभर पुन्हा पुन्हा भरत राहिला. पण सोळा दिवसांची बातमी एका दिवसाच्या अंकात मावत नाही. वर ज्यांचा उल्लेख केला त्या स्वीडिश अभ्यासात याचं फार झोंबणारं माप आहे : ज्वालामुखीत एक माणूस मेला तर बातमी होण्याची जेवढी शक्यता, तेवढी मिळवायला अन्नटंचाईत जवळजवळ चाळीस हजार माणसं मरावी लागतात.

पी. साईनाथ यांनी त्याच वर्षीची एक जोडी दाखवली होती. मुंबईच्या लॅक्मे फॅशन वीकला ५१२ पत्रकारांची अधिकृत नोंद होती आणि मंचावर सुती कपडे मिरवत होते. तो कापूस पिकवणारे विमानानं तासाभरावर गळफास घेत होते, आणि बाहेरून येऊन तिथं राहून लिहिणारे पत्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

आमच्या जिल्ह्यातल्या डोरलीला हे सगळं न वाचता कळलं होतं. कर्जानं पिचलेल्या त्या गावानं ‘गाव विकणे आहे’ असा फलक लावला. गाव विकायला निघणं एका दिवसात घडतं, कुणी अपेक्षा केलेली नसते आणि त्याचा फोटो काढता येतो. दिल्लीचे कॅमेरे आले. ३० जून २००६ ला पंतप्रधान मनमोहनसिंग वर्धा जिल्ह्यातल्या वायफडला येऊन शेतकऱ्यांशी बोलले आणि दुसऱ्या दिवशी वर्ध्यासह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. सिंगल कॉलमच्या शेकडो बातम्यांनी जे झालं नाही, ते एका फलकानं सुरू केलं. मग दहा दिवसांत मुंबईचे स्फोट झाले आणि विदर्भ पान एकवरून उतरला.

तेव्हा आर्वीकर, तुमची तक्रार रास्त आहे आणि माझं पालुपदही मी सोडत नाही. सोनेगावात गेलेले सहा जण आणि येमेनमधली उपाशी माणसं पुण्याच्या वाचकाला सारखीच परकी आहेत. फरक एवढाच, की सोनेगावची बातमी त्याच्या स्वतःच्या भाषेत छापली गेली होती, त्याच्याच वर्तमानपत्रात, पण दुसऱ्या आवृत्तीत.

एक काम वाचकांसाठी. २१ नोव्हेंबर २०१८ चा मराठी अंक कुणाकडे असेल, किंवा जवळच्या ग्रंथालयात फाइल असेल, तर सोनेगावची बातमी कुठल्या पानावर आणि किती कॉलमात आहे ते कळवा. आवृत्तीचं गाव लिहायला विसरू नका; खरी गंमत त्यातच आहे. पुरेशी पत्रं आली तर त्यांचा तक्ता इथं छापीन. आणि त्सुनामी पुढच्या आठवड्यात, नक्की.