सन्निधी आणि संकलकाचे उत्तरदायित्व

वाक्यापासून अर्थबोध होण्यास आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी या तीन गोष्टी अवश्य आहेत, असे आपल्याकडील शास्त्रकारांनी मानले आहे. यांपैकी सन्निधी म्हणजे पदांचा विलंबरहित उच्चार. ‘गाय’ हे पद आता उच्चारले आणि ‘आण’ हे पद एका प्रहरानंतर उच्चारले, तर त्यांतून आज्ञा सिद्ध होत नाही, हे न्यायग्रंथांतील उदाहरण अभ्यासकांच्या परिचयाचे आहे. या विवेचनात एक गोष्ट गृहीत धरलेली होती. दोन पदांमध्ये किती अंतर ठेवावे, हे बोलणाराच्या स्वाधीन असते. ध्वनिचित्रमुद्रणाने ही स्थिती पालटली. मुद्रित झालेल्या भाषणाची सन्निधी वक्त्याच्या हातून सुटून संकलकाच्या हाती गेली. प्रहराचे अंतर तो क्षणावर आणू शकतो आणि क्षणाच्या ठिकाणी दीर्घ मौन घालू शकतो. व्यावसायिक संकलकाचे इतरांविषयीचे उत्तरदायित्व याच सामर्थ्यातून उद्भवते.

केवळ सान्निध्याने अर्थ उत्पन्न होतो, ही गोष्ट चित्रपटकलेच्या आरंभकाळीच ध्यानात आली होती. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह याने १९२० च्या सुमारास एका नटाचा निर्विकार चेहरा निरनिराळ्या चित्रांशेजारी ठेवला. सुपाची थाळी, शवपेटी आणि बालक यांच्यालगत तोच चेहरा पाहून प्रेक्षकांना त्यावर विचारमग्नता, शोक आणि आनंद दिसला, असा वृत्तांत पुडॉव्हकिन याने दिला आहे. कथाचित्रात ही शक्ती कलेचे साधन ठरते. परंतु चित्रातील व्यक्ती खरी असते आणि शब्द तिचे म्हणून सांगितले जातात, तेव्हा प्रश्न निराळा होतो. अलीकडील तीन प्रकरणांवरून त्याचे स्वरूप स्पष्ट होईल.

पहिले प्रकरण क्रमाचे आहे. २००७ साली ब्रिटनच्या राणीवरील एका मालिकेची झलक बीबीसीने पत्रकारांना दाखविली. छायाचित्रकार राणीला मुकुट काढण्याविषयी सुचविते आणि त्यानंतर राणी वेशभूषेविषयी त्रासिक उद्गार काढीत चालत जाते, असे त्या झलकेत दिसत होते. राणी रागावून निघून गेली, असाच अर्थ पाहणारांनी घेतला. वस्तुतः ते चालणे छायाचित्रणाच्या दालनाकडे येतानाचे, म्हणजे आधीचे होते. एकही शब्द खोटा नव्हता. केवळ क्रम बदलला होता. निवेदनातील क्रम हाच घटनांचा क्रम आहे असे श्रोता धरून चालतो. ‘त्याने औषध घेतले आणि तो आजारी पडला’ व ‘तो आजारी पडला आणि त्याने औषध घेतले’ या दोन वाक्यांतील शब्द तेच आहेत, पण कार्यकारणभाव उलटा आहे. ग्राइस या तत्त्वज्ञाने संभाषणाच्या नियमांत क्रमबद्धतेचा अंतर्भाव केला, तो याचसाठी. या प्रकरणात वाहिनीच्या नियंत्रकास त्याच वर्षी पद सोडावे लागले.

दुसरे प्रकरण मौनाचे आहे. २०१६ साली प्रदर्शित झालेल्या ‘अंडर द गन’ या अमेरिकन माहितीपटात बंदूकधारकांच्या एका संघटनेच्या सभासदांना अडचणीचा प्रश्न विचारला जातो आणि ते सुमारे ८ सेकंद निरुत्तर बसलेले दिसतात. प्रत्यक्षात त्यांनी तत्काळ उत्तरे दिली होती. ते मौन अन्यत्र मुद्रित झालेले होते. प्रश्न आणि उत्तर ही जोडी असते. प्रश्नानंतरचे मौन रिकामे नसते. ‘उत्तर नाही’ असे ते विधानच होय. सभासदांनी अब्रुनुकसानीचा दावा केला, पण २०१८ साली अपील न्यायालयानेही तो फेटाळलेलाच ठेवला. यावरून इतकेच सिद्ध होते की कायद्याची मर्यादा आणि व्यवसायधर्माची मर्यादा एकच नव्हे.

तिसरे प्रकरण तर थेट प्रहराच्या उदाहरणाचे स्मरण करून देणारे आहे. डोनाल्ड ट्रम्प यांनी ६ जानेवारी २०२१ रोजी केलेल्या भाषणातील, एकमेकांपासून ५० हून अधिक मिनिटे दूर असलेली विधाने बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ या कार्यक्रमात २०२४ साली सलग जोडून दाखविण्यात आली. संसदभवनाकडे चालण्याविषयीचे शब्द आणि लढण्याविषयीचे शब्द मिळून एकच आवाहन भासले. शांततेने जाण्याविषयीचे शब्द मात्र त्या जोडणीत आले नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये संस्थेच्या महासंचालकांनी व वृत्तविभागाच्या प्रमुखांनी राजीनामे दिले. वक्त्याविषयी प्रेक्षकाचे मत कसेही असो, या तत्त्वात फरक पडत नाही. अप्रिय व्यक्तीची सन्निधीही तिचीच असते.

यावर असा आक्षेप संभवतो की कापल्यावाचून संकलन होत नाही. तासाभराची मुलाखत पाच मिनिटांत बसवावयाची तर गाळणे अटळ आहे. हे खरे आहे. अडखळणे, पुनरुक्ती, खोकला हे काढून टाकणे ही तर वक्त्याची सेवाच होय. म्हणून ‘किती गाळले’ हा निकष नव्हे. उरलेल्या भागांत जो नवा संबंध दिसतो, तो वक्त्याने जोडलेला होता काय, हा निकष होय.

या निकषाचे पालन भाषेच्या घडणीवरही अवलंबून असते. मराठीत क्रियापद, नकार आणि परमताचा निर्देश बहुधा वाक्याच्या शेवटी येतात. ‘ही शाळा बंद करावी असे मला वाटत नाही’ या वाक्याची शेपटी कापली, तर उरते ‘ही शाळा बंद करावी’. ‘असे काही लोक म्हणतात’ हे शब्द गाळले, तर दुसऱ्याचे मत वक्त्याच्या माथी बसते. इंग्रजीत असा नकार पुष्कळदा वाक्यारंभी येतो. तेथे डोके सांभाळावे लागते, तर मराठीत शेपूट. तात्पर्य, ज्या भाषेतील भाषण संकलकास कळत नाही, त्याची जोडणी त्या भाषेच्या जाणकाराला ऐकविल्याशिवाय पुरी समजता येत नाही.

वक्त्याप्रमाणेच प्रेक्षकाचेही संकलकावर ऋण असते. जोड आहे हे प्रेक्षकास कळण्याचा मार्ग त्याने ठेवावयास हवा. दोन विधानांमध्ये अवधी गेला असेल, तर तो दृश्यबदलाने अथवा निवेदनाने दर्शवावा. अन्य वेळचे मौन वा मुद्रा उसनी आणू नये. सहकाऱ्यांविषयीचे कर्तव्य याहून कमी नाही. राणीच्या प्रकरणातील जोडणी मुळात मालिकेच्या विक्रीसाठी केलेली होती आणि पुढे ती भलत्याच प्रयोजनासाठी वापरली गेली. यास्तव प्रत्येक खंडाचे मूळ स्थान व काळ नोंदवून ठेवणे आणि मूळ मुद्रण जतन करणे आवश्यक आहे. अंतिम निर्णय दिग्दर्शकाचा असला, तरी सारे मुद्रण ओळीने पाहिलेला मनुष्य पुष्कळदा एकटा संकलकच असतो. जे इतरांना ठाऊकच नाही, ते सांगण्याचे दायित्व त्याला टाळता येत नाही.

बोलींच्या क्षेत्राभ्यासासाठी ध्वनिचित्रमुद्रण करणाऱ्या विद्यार्थ्यासही हे विवेचन लागू आहे. अहिराणी अथवा मालवणी बोलणाऱ्या वृद्धेचे अडखळणे त्याने प्रदर्शनासाठी काढून टाकले, तर हरकत नाही. परंतु मूळ प्रत नष्ट केली, तर पुराव्याचाच नाश होतो. शिवाय ती वृद्धा बहुधा जोडलेली फीत कधी पाहणार नाही आणि ‘मी असे म्हटले नव्हते’ हे सांगावयास येणार नाही. राणीची बाजू मांडणारे पुष्कळ होते. हिची बाजू संकलन करणारासच सांभाळावी लागते.