सबवूफरच्या पोटात उशीचा तंतू

सबवूफर उघडला की आत उशीत भरतात तसले पांढरे तंतू दिसतात. कारागिराने रिकामी जागा भरली असावी, असे वाटते. पण खर्ज गोड लागतो की नुसता घुमतो, हे बरेचसे त्यावरच ठरते.

अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी १९५४ साली हवाबंद पेटीचा छोटा स्पीकर आणला, तेव्हा त्यात काचतंतू भरले होते. शंकू आत आला की पेटीतली हवा दबते, तापते आणि ताठर होते. तंतू ती उष्णता शोषतात; हवा नरम पडते आणि पेटी असते त्याहून मोठी असल्यासारखी वागते. कागदावर हा फायदा ४० टक्क्यांपर्यंत जातो, प्रत्यक्षात निम्मा मिळाला तरी पुष्कळ. दोन खोल्यांच्या घरात तेवढे काय कमी!

पॉलिएस्टरचे तंतू घ्यावेत. कापूस ओल धरतो, दबून खाली बसतो. लिटरमागे ८ ते १६ ग्रॅम, तेही पिंजून सैल. ठासून भरले तर तंतूच जागा खातात. थोडे थोडे घालून तेच गाणे पुन्हा ऐकावे. ढोलकीची थाप सुटी ऐकू आली की थांबावे.

पेटीला हवेची नळी असेल तर मात्र हात आवरावा. तिथे खर्ज नळीतल्या हवेच्या हालचालीतून येतो. भरावाने तोच मरतो. भिंतींना पातळ थर पुरे. नळीचे तोंड आणि तापणारा ॲम्प्लिफायर मोकळा ठेवावा.