वऱ्हाडातील कोल्हा

कोल्हा (शास्त्रीय नाव : कॅनिस ऑरियस) हा श्वान कुलातील मध्यम आकाराचा मांसाहारी प्राणी असून त्याला सोनेरी कोल्हा असेही म्हणतात. आग्नेय युरोपपासून आग्नेय आशियापर्यंत त्याचा आढळ आहे. वऱ्हाडात तो मेळघाटासारख्या संरक्षित क्षेत्रांत राहतो; तसाच रिद्धपूर (ता. मोर्शी, जि. अमरावती) यांसारख्या गावांच्या शिवारांतही राहतो.

नाव व ओळख

मराठीत कोल्हा आणि खोकड या दोन प्राण्यांची अनेकदा गल्लत होते. खोकड हे आकाराने बरेच लहान असून त्याचे वजन साधारणपणे २ ते ३ किलोग्रॅम भरते. कोल्ह्याचे वजन ८ ते ११ किलोग्रॅमपर्यंत असते. त्याचा रंग पिवळसर तपकिरी, पाठीवर काळपट छटा आणि शेपटीचे टोक काळसर असते. लांडगा त्याच्याहून मोठा व उंच असतो. पंचतंत्रातील करटक आणि दमनक हे कोल्हेच आहेत. आंबट द्राक्षांच्या इसापकथेतील प्राणी मात्र मुळात खोकडाच्या जातीचा आहे. मराठी रूपांतरात त्याचा कोल्हा झाला.

आहार

कोल्हा उंदीर, ससे, पक्षी, सरडे व कीटक खातो आणि मृत जनावरांवरही गुजराण करतो. बोरे, जांभळे, काकडी, टरबूज व मक्याची कणसेही त्याला चालतात. ‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण या सवयीवरूनच रूढ झाली असावी. क्वचित तो कोंबड्या किंवा करडे पळवतो, परंतु उंदरांची संख्या आटोक्यात ठेवून आणि मृत जनावरांची विल्हेवाट लावून तो शेतकऱ्याला उपयोगीही पडतो. खाल्लेल्या बोरांच्या बिया विष्ठेवाटे दूरवर पसरतात.

जीवनक्रम

कोल्हे बहुधा जोडीने राहतात. तिन्हीसांजेला व पहाटे ऐकू येणारी कोल्हेकुई ही परस्परांशी संपर्क राखण्याची आणि आपला प्रदेश जाहीर करण्याची रीत आहे. मादी सुमारे ६३ दिवसांच्या गर्भकाळानंतर नाल्याच्या काठावरील बिळात किंवा दुसऱ्या प्राण्याने सोडलेल्या बिळात पिलांना जन्म देते. पिलांचे संगोपन नर व मादी दोघे करतात. कधी कधी आधीच्या विणीतील पिल्लेही मदतीला असतात.

वऱ्हाडातील अधिवास

सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगेतील मेळघाट हा देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक होय. गुगामल राष्ट्रीय उद्यान आणि अकोला जिल्ह्यातील नरनाळा अभयारण्य याच वनपट्ट्यात येतात. दक्षिणेकडे काटेपूर्णा अभयारण्य, वाशीम जिल्ह्यात काळविटांसाठी राखलेले कारंजा-सोहोळ अभयारण्य आणि बुलढाणा जिल्ह्यात ज्ञानगंगा अभयारण्य आहे.

वाघ व बिबट्या यांचा वावर असलेल्या घनदाट अरण्यापेक्षा कोल्ह्याला खुरटे रान, गवताळ माळ आणि शेतीचा प्रदेश अधिक मानवतो. त्यामुळे अभयारण्याची सीमा ही त्याच्या वस्तीची सीमा ठरत नाही. सातपुड्याच्या दक्षिणेस पसरलेल्या काळ्या जमिनीच्या प्रदेशात कपाशी व तुरीची उभी पिके, मोर्शी भागातील संत्र्यांच्या बागा, धुऱ्यांवरील झुडपे, नाल्यांचे काठ आणि ई-क्लास जमिनी त्याला आसरा देतात. कपाशी व तूर निघाल्यावर शेते उघडी पडतात. त्या काळात नाल्यांवरील आणि पडीत जमिनींवरील झाडोराच त्याचा मुख्य आधार उरतो.

धोके

धुरे साफ करणे, नाल्यांचे काठ नांगरणे आणि पडीत जमिनींवर अतिक्रमण होणे यांमुळे बिळांच्या जागा नष्ट होतात. रानडुक्कर व रोही यांच्यापासून पीक वाचवण्यासाठी कुंपणात बेकायदा सोडलेला वीजप्रवाह कोल्ह्यांसह माणसांच्याही जिवावर बेततो. रस्त्यांवरील वाहने हा आणखी एक धोका आहे. भटक्या कुत्र्यांकडून कोल्ह्यांना रेबीज व डिस्टेंपर हे रोग होऊ शकतात. पिसाळलेला कोल्हा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे धुऊन तातडीने लस घेणे आवश्यक असते.

‘कोल्ह्याचे शिंग’ जवळ बाळगल्यास भाग्य उजळते, या अंधश्रद्धेपायीही कोल्हे मारले जातात. वस्तुतः कोल्ह्याला शिंग नसते. त्या नावाने विकली जाणारी वस्तू कातडे व केस यांपासून बनवलेली असते.

संरक्षण

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर कोल्ह्याचा समावेश पहिल्या अनुसूचीत झाला. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. शिकारीवरील बंदी अभयारण्यापुरती मर्यादित नसून शेतशिवारातही लागू होते. जागतिक पातळीवर ही जाती संकटग्रस्त मानली जात नाही. तथापि कायदा प्राण्याला मारण्यास मनाई करतो. अभयारण्याबाहेरचा धुरा किंवा नाल्याचा काठ राखणे मात्र बव्हंशी शेतकरी व ग्रामपंचायत यांच्याच हाती असते. वऱ्हाडातील शिवारांत कोल्हा टिकून राहणे बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून आहे.