कुत्र्याच्या पिलाचे संगोपन व प्राथमिक शिक्षण

शेतकरी रानात वस्ती करून राहू लागला म्हणजे बैलजोडी, दुभते जनावर आणि चार कोंबड्या ह्यांच्या जोडीला एक कुत्रेही त्याच्या दारात येते. रात्री गोठ्याची राखण करणे, पिकात शिरणाऱ्या रानडुकरांची चाहूल देणे आणि परका माणूस आल्याची वर्दी देणे ही कामे ते इमानाने करते. परंतु खोंडाला जू अंगवळणी पाडण्यासाठी आपण जेवढी खटपट करतो, तिच्या दहाव्या हिश्शाएवढीही कुत्र्याच्या पिलासाठी करीत नाही. पिलू आणावे, मेखेला बांधावे, उरलीसुरली भाकरी टाकावी आणि ते आपोआप राखणदार होईल असे समजावे, अशी सर्वसाधारण रीत आहे. वर्षभरातच ह्या रीतीचे फळ दिसू लागते. कुत्रे शेजाऱ्याच्या मुलास चावते, घरच्याच शेळीचे करडू फाडते, किंवा हाक मारली तरी जवळ येत नाही. मग कुत्र्याची जातच वाईट निघाली, असे म्हटले जाते. वास्तविक दोष बहुधा जातीचा नसतो. पहिल्या तीन-चार महिन्यांत पिलास जे शिकवावयास हवे होते ते कोणी शिकविलेले नसते.

शिक्षणाचा खरा काळ

पिलाचे डोळे जन्मानंतर सुमारे दहा ते चौदा दिवसांनी उघडतात. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याला ऐकू येऊ लागते. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ त्याच्या आयुष्यात सर्वांत महत्त्वाचा होय. ह्या काळात पिलू ज्यांना वारंवार पाहते, हुंगते आणि ज्यांच्यापासून त्याला इजा होत नाही, त्यांना ते आयुष्यभर आपले मानते. जे त्याला ह्या काळात भेटत नाही त्याचे त्याला पुढे भय वाटते.

अमेरिकेतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत ह्याविषयी एक प्रयोग करण्यात आला व त्याचे निष्कर्ष १९६१ साली प्रसिद्ध झाले. पिलांना उंच कुंपणाच्या आवारात माणसांपासून दूर वाढविण्यात आले. त्यांपैकी काही पिले निरनिराळ्या वयांत एकेक आठवडा माणसांच्या सहवासात ठेवली, तर काहींना चौदा आठवड्यांपर्यंत असा सहवास मुळीच मिळू दिला नाही. ही शेवटची पिले माणसाला पाहून रानटी जनावराप्रमाणे दूर पळू लागली व पुढे त्यांना माणसाळविणे अतिशय अवघड गेले. म्हणून "पिलू मोठे झाले की शिकवू" हा विचार सोडून द्यावा. कुत्र्याचे शेपूट वाकडे ते वाकडेच राहते हे खरे, पण ती गोष्ट शेपटाची आहे, स्वभावाची नव्हे.

पिलू केव्हा आणावे

पिलू आठ आठवड्यांचे झाल्यावरच आईपासून वेगळे करावे. २०१७ च्या श्वानपैदास व विक्रीविषयक नियमांनुसारही आठ आठवड्यांपेक्षा लहान पिलांची विक्री करता येत नाही. ह्यामागे केवळ दुधाचा प्रश्न नाही. भावंडांशी खेळताना एकाने जोरात चावा घेतला तर दुसरे ओरडते व खेळ थांबतो. दात किती जोराने लावावेत ह्याचा पहिला धडा पिलू येथेच शिकते. महिन्याच्या आत उचलून आणलेले पिलू ह्या धड्याला मुकते.

पिलू निवडताना डोळे व नाक स्वच्छ, अंग भरलेले, गुदद्वार कोरडे आणि माणूस जवळ येताच कुतूहलाने पुढे येणारे असे पाहावे. कोपऱ्यात दडून बसणारे पिलू राखणीसाठी घेऊ नये.

घरी आणल्यावर कोरड्या व उबदार जागी गोणपाट अंथरून त्याची जागा कायम करावी. पहिले दोन-तीन दिवस ते रात्री रडेल. त्याला मारू नये वा बाहेर लोटू नये. त्याची जागा माणसे झोपतात तेथून जवळ ठेवली तर ते लवकर शांत होते. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा व पुढे दोन वेळा ठराविक वेळी खाण्यास द्यावे. वरणात किंवा ताकात कुस्करलेली मऊ भाकरी, उकडलेले अंडे, शिजविलेले मांस हे अन्न मानवते. नुसत्या दुधाने पुष्कळ पिलांना हगवण लागते. कांदा व लसूण घातलेली कालवणे आणि शिजलेली हाडे देऊ नयेत. शिजलेले हाड फुटून त्याच्या टोकदार कपच्या होतात व त्या घशात किंवा आतड्यात रुततात.

ओळख हेच पहिले शिक्षण

घरातील वृद्ध, स्त्रिया, मुले, गडीमाणसे, पागोटे घातलेला पाहुणा, हातात काठी घेतलेला म्हातारा, डोक्यावर भारा घेऊन येणारी स्त्री अशी नाना तऱ्हेची माणसे पिलाने आठव्या ते चौदाव्या आठवड्यांत पाहिली पाहिजेत. मोटारसायकल, ट्रॅक्टर, मळणी यंत्र ह्यांचे आवाज आधी दुरून व मग हळूहळू जवळून ऐकवावेत. पिलू भ्याले तर त्यास ओढून पुढे नेऊ नये. चार पावले मागे घेऊन ते शांत होईपर्यंत थांबावे, मग खाऊचा तुकडा द्यावा.

मात्र ह्या वयात लसीकरण पूर्ण झालेले नसते हे ध्यानात ठेवावे. पिलाला आपल्या वस्तीवर मोकळे हिंडू द्यावे, पण बाजारात किंवा मोकाट कुत्री वावरतात अशा ठिकाणी जमिनीवर सोडू नये. तेथे न्यावयाचे झाल्यास कडेवर घेऊन न्यावे.

नाव, हाक आणि शाबासकी

पिलाचे नाव दोन अक्षरी असावे व घरातील सर्वांनी त्याला त्याच नावाने हाक मारावी. एकाने "मोत्या", दुसऱ्याने "बाळ्या" आणि तिसऱ्याने "यू यू" म्हटल्यास पिलास काहीच उमगत नाही. नाव घेताच पिलाने वळून पाहिले की त्याच क्षणी भाकरीचा तुकडा द्यावा व अंगावरून हात फिरवावा. बक्षीस एक-दोन सेकंदांच्या आत मिळाले तरच पिलू त्याचा संबंध आपल्या कृतीशी जोडते. असा सराव दिवसातून पाच-सहा वेळा, प्रत्येकी दोन-तीन मिनिटे पुरे होतो.

हाक मारून जवळ आलेल्या पिलास कधीही मारू नये. ते चपला कुरतडून आले असले तरीही नाही. एकदा असे घडले की हाकेचा अर्थ मार असा त्याच्या मनात बसतो, आणि पुढे रानात ते बिबट्याच्या किंवा मोटारीच्या वाटेत असले तरी हाकेला येत नाही. त्याचप्रमाणे "हाड" म्हणून हाकलणे व "छू" म्हणून कोणाच्या अंगावर घालणे ही मुलांची गंमत ताबडतोब बंद करावी. आज कोंबडीवर घातलेले पिलू उद्या वाटसरूवर धावून जाते.

शौचाची सवय

झोपेतून उठल्यावर, खाणे झाल्यावर व खेळून झाल्यावर पिलास लघवी-शौचास होते. ह्या तीनही वेळी त्याला उचलून अंगणाबाहेरील एका ठराविक जागी न्यावे व ते मोकळे होताच शाबासकी द्यावी. रात्री एकदा उठावे लागते. घरात घाण झाल्यास त्यात पिलाचे नाक घासण्याची पद्धत निरुपयोगी होय. झाल्या गोष्टीची शिक्षा त्याला कळत नाही, माणसाचे भय मात्र बसते. घाणीची जागा नीट धुऊन काढावी, कारण वास राहिला तर पिलू पुन्हा तेथेच जाते.

दात आणि चावण्याची खोड

चौथ्या ते सातव्या महिन्यांच्या दरम्यान दुधाचे दात पडून कायमचे दात येतात. ह्या काळात पिलू दिसेल ते चावते. त्याला जुन्या दोरखंडाची किंवा सुती चिंध्यांची घट्ट गाठ द्यावी. फाटकी चप्पल देऊ नये. फाटकी कोणती आणि नवी कोणती हा भेद पिलास समजत नाही.

खेळता खेळता पिलाने हाताला दात लावले तर हात झटकू नये व थप्पडही मारू नये. खेळ तत्काळ थांबवून तोंड फिरवावे व अर्धे मिनिट त्याच्याकडे लक्ष देऊ नये. घरातील प्रत्येकाने असेच केले तर काही आठवड्यांत ही खोड जाते. एकाने मात्र मजा म्हणून बोटे चावू दिली तर बाकीच्यांचे श्रम वाया जातात.

पिलू खात असताना मुलांनी त्याच्या ताटलीस हात लावू नये. मोठ्या माणसाने जवळ जाऊन ताटलीत अधिक चांगला घास टाकावा. जवळ येणारा हात अन्न हिसकावण्यासाठी नव्हे तर देण्यासाठी येतो, हे त्याला कळले म्हणजे ते गुरगुरत नाही.

गोठा व खुराडे ह्यांची ओळख

वस्तीवरील कुत्र्याने घरचे जनावर आपले मानले पाहिजे. पिलास सैल दोरी बांधून रोज थोडा वेळ गोठ्याजवळ व शेळ्यांजवळ बसवावे. कोंबडीची पिले प्रथम डालग्याखाली ठेवून दुरून दाखवावीत. पिलू शांत बसले की खाऊ द्यावा व पुढे सरसावले की काही न बोलता दोरीने मागे घ्यावे. सहा महिन्यांचे होईपर्यंत त्याला कोंबड्यांजवळ एकटे सोडू नये. कोंबडीमागे धावण्याची गंमत एकदा कळली की ती सवय मोडणे कठीण जाते.

मेलेली कोंबडी किंवा कापलेल्या मेंढीचे डोके व आतडी पिलापुढे टाकू नयेत. अशा कच्च्या अवयवांतून पट्टकृमी कुत्र्याच्या पोटात शिरतात. कुत्र्याच्या विष्ठेतून त्यांची अंडी चाऱ्यावर पडली की मेंढीच्या मेंदूत पाण्याची फोड होऊन ती एकाच जागी गोल फिरू लागते व अखेर दगावते. दुसऱ्या एका जातीच्या कृमीमुळे माणसाच्या यकृतात व फुप्फुसातही अशा गाठी होतात. मेंढपाळ बांधवांनी ह्याकडे विशेष लक्ष द्यावे.

काही गैरसमज

तिखट खाऊ घातल्याने, उपाशी ठेवल्याने, कान कापल्याने किंवा अंधारात बांधून ठेवल्याने कुत्रे कडक होते, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. अशा कुत्र्याच्या अंगी धैर्य येत नाही, भय येते. भ्यालेले कुत्रे चोर व पाहुणा ह्यांत भेद करीत नाही. दोघांवरही भुंकते आणि जवळ सापडेल त्यास चावते, आणि जवळ सापडते ते बहुधा लहान मूल असते. ज्याला घरची माणसे नीट ठाऊक आहेत त्यालाच परका कोण हे कळते. उत्तम राखणदाराचे मर्म एवढेच आहे.

पिलास दिवसभर साखळीने बांधू नये. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमानुसार जनावरास गैरवाजवी आखूड साखळीने फार वेळ बांधणे, तसेच नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्यास फिरू न देणे हा गुन्हा आहे. ज्या भागात बिबट्याचा वावर आहे तेथे रात्री पिलास अंगणात बांधणे म्हणजे त्याला बिबट्याच्या हवाली करणे होय. अकोले तालुक्यातील बिबट्यांच्या आहाराविषयी २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वजनाच्या हिशेबाने कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के आढळून आला. म्हणून रात्री पिलास दार बंद होईल अशा जागी ठेवावे.

लस व जंतांचे औषध

वयाच्या दुसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी व पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा जंतांचे औषध द्यावे. सहाव्या ते आठव्या आठवड्यात पार्व्हो व डिस्टेंपर ह्या रोगांची पहिली लस टोचून घ्यावी व सोळा आठवड्यांचे होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने ती पुन्हा द्यावी. तीन महिने पूर्ण होताच रेबीजची लस टोचावी, पुढील मात्रा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावी व त्यानंतर दरवर्षी लस टोचण्यास चुकू नये. लशीची तारीख घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.

रेबीज, म्हणजेच कुत्रे पिसाळण्याचा रोग, लहान पिलासही होतो. लक्षणे दिसू लागल्यावर माणसास वाचविणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून पिलाने चावा घेतला किंवा ओरखडले तरी "पिलूच आहे" असे म्हणून सोडून देऊ नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, चुना, हळद वा तेल लावू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्टर सांगतील तेवढ्या सर्व मात्रा पूर्ण कराव्यात. कुत्र्यापासून होणाऱ्या रेबीजने २०३० सालापर्यंत देशात एकही माणूस दगावू नये, असे उद्दिष्ट २०२१ च्या राष्ट्रीय कृती आराखड्यात ठरविलेले आहे. ते प्रत्येक वस्तीवरील एकेका पिलाच्या लशीनेच साध्य होणार आहे.

कार्यकर्त्यांनी काय करावे

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी वस्तीस भेट देताना गुरांबरोबर कुत्र्याच्या पिलाचीही विचारपूस करावी. त्याचे वय काय, लस केव्हा टोचली, ते दिवसाचे किती तास मोकळे असते आणि हाकेला येते की नाही, एवढे चार प्रश्न पुरेसे आहेत. ही माहिती केवळ घरच्या कर्त्या पुरुषास सांगून भागत नाही. पिलास खाऊ घालणारी गृहिणी व त्याच्याशी खेळणारी मुले हीच त्याचे खरे शिक्षक असतात. म्हणून त्यांनाही जवळ बसवून सांगावे, व पिलास हाक कशी मारावी हे प्रत्यक्ष करून दाखवावे. गावात एकाच सुमारास पुष्कळ पिले झाली असतील तर पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून लसीकरणाचा एक दिवस ठरवावा.

पिलाच्या शिक्षणास पैसा लागत नाही. मूठभर भाकरीचे तुकडे, रोजची पंधरा-वीस मिनिटे आणि घरातील सर्वांची एकवाक्यता एवढेच त्याला हवे. पहिल्या तीन-चार महिन्यांत जो शेतकरी एवढे करील, त्याच्या गोठ्याला पुढे दहा-बारा वर्षे भरवशाची राखण मिळेल, आणि त्याच्या अंगणात शेजारची मुले निर्भयपणे खेळावयास येतील.