धर्मशिक्षणातील स्लाइड्स : नजर कोठे न्यावी?

अनेक धर्मग्रामांत धर्मशिक्षणाच्या वर्गांत व विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिरांत आता संगणक आणि प्रोजेक्टर यांचा वापर होतो. ही स्वागतार्ह बाब आहे. मात्र पडद्यावर लांबलचक परिच्छेद उमटतात, शिक्षक पाठमोरे उभे राहून ते वाचतात आणि अक्षरे गिरक्या घेऊ लागली की मुले गिरक्याच पाहतात. सुवार्ता बाजूला राहते. पॉवरपॉइंटमधील प्रगत सुविधा श्रोत्यांची नजर योग्य जागी नेण्यासाठी वापराव्यात, असे आम्हांस वाटते.

एक उदाहरण घेऊ. ‘संत मत्तयाला पाचारण’ हे काराव्हाज्जो यांचे चित्र (१५९९-१६००) रोममधील सान लुईजी देई फ्रांचेझी या चर्चमध्ये आहे. पहिल्या स्लाइडवर संपूर्ण चित्र ठेवावे. त्या स्लाइडची प्रत काढून तीत चित्र मोठे करावे व प्रभू येशूचा पुढे केलेला हात मध्यभागी आणावा. तिसऱ्या प्रतीत मेजाभोवतीचे चेहरे आणावेत. या दोन्ही प्रतींना ‘ट्रान्झिशन्स’मधील ‘मॉर्फ’ लावले की कॅमेरा सरकावा तशी नजर हातावरून चेहऱ्यांकडे जाते. (ही सोय पॉवरपॉइंट २०१९ व त्यानंतरच्या आवृत्त्यांत आहे, जुन्या आवृत्तीत ‘फेड’ वापरावे.)

आता मुलांना विचारावे : यांतील मत्तय कोण? बोट दाखवणारा दाढीवाला, की मान खाली घालून नाण्यांत गुंतलेला तरुण? अभ्यासकांतही याविषयी मतभेद आहेत. हाक मला आहे की शेजाऱ्याला, हा प्रश्न मग वर्गातील प्रत्येकाचा होतो.

आणखी काही सूचना :

• ‘प्रेझेंटर व्ह्यू’मुळे टिपणे केवळ वक्त्याच्या संगणकावर दिसतात, पडदा मोकळा राहतो.
• बायबलमधील उतारा ‘अपिअर’ वापरून एकेक ओवीने दाखवावा.
• सादरीकरण चालू असताना इंग्रजी ‘बी’ ही कळ दाबल्यास पडदा काळा होतो. प्रार्थनेच्या वेळी हे अवश्य करावे.
• मराठी मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करावा. ‘ऑप्शन्स’मधील ‘सेव्ह’मध्ये जाऊन फॉन्ट फाइलमध्ये समाविष्ट करावा, म्हणजे दुसऱ्या संगणकावर अक्षरे बिघडण्याची शक्यता कमी होते.

येत्या रविवारच्या वर्गासाठी वीस स्लाइड्सऐवजी एकच चित्र निवडून पाहावे, अशी आमच्या धर्मशिक्षकांना नम्र विनंती आहे.