पिशवीवाला शेजारी आणि त्याच्या रक्तांतील पाहुणा

कांगारूचें चित्र पाहिलें नाहीं असा विद्यार्थी विरळाच. पोटावरील पिशवींत पिल्लांस वाढविणाऱ्या अशा प्राण्यांस शिशुधान प्राणी म्हणतात. हे सारे ऑस्ट्रेलियाकडेच राहतात, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु ती बरोबर नाहीं. अमेरिका खंडांतहि त्यांच्या अनेक जाती असून त्यांत ऑपॉसम हा प्रमुख होय. हा मांजराएवढा, लांबट तोंडाचा व बिनकेसाळ शेपटीचा निशाचर प्राणी आहे. त्याचीं पिल्लें गर्भांत सुमारें तेराच दिवस राहतात व जन्मतःच मधमाशीएवढीं असतात. पुढील वाढ आईच्या पिशवींत होते. फळें, अंडीं, किडे, उकिरड्यावरील खरकटें, यांपैकीं त्यास कांहींच वर्ज्य नाहीं. म्हणून रान तुटून शहर पसरूं लागलें म्हणजे इतर प्राणी नाहींसे होतात, पण हा मात्र झाडाच्या ढोलींत किंवा घराच्या माळ्यावर खुशाल बिऱ्हाड थाटतो.

या शेजाऱ्याच्या रक्तांत पुष्कळ वेळां एक अदृश्य पाहुणा असतो. त्याचा शोध ब्राझील देशांत लागला. लासांसे या गांवीं रेल्वेचें काम चाललें असतां मजुरांत हिंवताप पसरला, म्हणून कार्लोस शागास या तरुण डॉक्टरास तेथें पाठविण्यांत आलें. तेथील मातीच्या घरांच्या भेगांत राहणारा, रात्रीं निजलेल्या माणसाच्या तोंडास चावणारा एक मोठा ढेकूण त्यांच्या नजरेस आला. चेहऱ्यास लागतो म्हणून लोक त्यास ‘न्हावी’ म्हणत. या ढेकणाच्या आंतड्यांत त्यांस चाबकासारखी शेपटी हलविणारा एकपेशीय जंतु दिसला, व १९०९ सालीं तोच जंतु त्यांनीं एका आजारी बालिकेच्या रक्तांत ओळखला. आपले गुरु ओस्वाल्दो क्रूझ यांच्या सन्मानार्थ त्यांनीं त्यास ट्रिपॅनोसोमा क्रूझी असें नांव दिलें. प्रथम कीटक, मग जंतु व शेवटीं रोग, असा उलट्या क्रमानें लागलेला हा शोध वैद्यकाच्या इतिहासांत अपूर्व समजला जातो.

हा जंतु ढेकणाच्या दंशांत नसून त्याच्या विष्ठेंत असतो. चावल्याजागीं खाजविलें, किंवा तोच हात डोळ्यास लागला, कीं तो शरीरांत शिरतो. प्रथम कांहीं दिवस ताप येतो, कोणास सूज येते. कित्येकांस तर कांहींच जाणवत नाहीं. मग वर्षानुवर्षें सारें शांत असतें. परंतु अशा रोग्यांपैकीं सुमारें तिसऱ्या हिश्शाचें हृदय पुढें दुर्बल होतें; कांहींची अन्ननलिका वा आंतडें फुगतें. आरंभींच ओळखल्यास औषध चांगलें लागू पडतें. उशीर झाल्यास त्याचा उपयोग कमी होतो.

ऑपॉसमास मात्र या पाहुण्यापासून फारशी पीडा होत नाहीं. तो ढेकूण खातो व त्यांतूनच जंतु त्याच्या अंगांत जातो. १९८४ सालीं ब्राझीलमधील मारिया डीन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक नवल उजेडांत आणलें. ऑपॉसमाच्या शेपटीखालीं दुर्गंधी द्रवाच्या ग्रंथि असतात. त्यांतहि हा जंतु वाढतो, आणि तोहि ढेकणाच्या आंतड्यांत जें रूप घेतो त्याच रूपांत! म्हणजे हा एकच प्राणी जंतूचें कोठारहि होतो आणि कीटकाचें कामहि करूं शकतो.

व्हेनेझुएलाची राजधानी काराकास ही डोंगरांनीं वेढलेल्या खोऱ्यांत वसली आहे. तेथें शहरांतील ऑपॉसम हे या जंतूचें मुख्य आश्रयस्थान आहेत, असें १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दाखविण्यांत आलें. रानांतील ढेकूण रात्रीं दिव्यांच्या उजेडाकडे उडत येऊन घरांत शिरतात. याच शहरांतील एका शाळेंत २००७ सालच्या डिसेंबरांत मुलें व शिक्षक एकामागून एक तापानें आजारी पडूं लागले. तपासाअंतीं, शाळेंत दिल्या जाणाऱ्या पेरूच्या रसांतून हा रोग पसरला असें ठरलें. १०३ जणांस बाधा झाली व एक लहान मूल दगावलें. त्यांस ढेकूण चावला नव्हता. पेल्यांतूनच जंतु पोटांत गेला होता.

मग ऑपॉसम मारून टाकावेत काय? त्यानें कार्य साधणार नाहीं. हा जंतु शंभराहून अधिक जातींच्या सस्तन प्राण्यांत आढळतो. एक गेला तर ढेकूण दुसऱ्याकडे वळेल, कदाचित् कुत्र्याकडे, कदाचित् माणसाकडे. खरा उपाय निराळाच ठरला. भिंतींच्या भेगा बुजविल्या, घरें सुधारलीं, औषध फवारलें, तेव्हां घरांत राहणाऱ्या मुख्य जातीच्या ढेकणापासून होणारा प्रसार युरुग्वेंत १९९७ पर्यंत व ब्राझीलमध्यें २००६ पर्यंत थांबला. रानांतून उडून येणाऱ्या ढेकणांपासून बचाव करावयाचा तर अन्न झांकून ठेवणें, फळें धुणें व खरकटें उघड्यावर न टाकणें हेंच साधन.

आपल्या देशांत ऑपॉसम नाहीं व हा ढेकूणजन्य रोगहि नाहीं; पण या जंतूचे भाऊबंद आहेत. गुरें, घोडे व उंट यांस होणाऱ्या सर्रा रोगाचा जंतु ग्रिफिथ इव्हान्स यांनीं १८८० सालीं पंजाबांतच शोधला. तो माणसास सहसा बाधत नाहीं, कारण आपल्या रक्तांतील एक द्रव्य त्यास मारतें. परंतु २००४ सालीं आपल्या चंद्रपूर जिल्ह्यांतील एका शेतकऱ्याच्या रक्तांत तो आढळला. महिनेच्या महिने त्यास ताप येत होता. त्याच्या रक्तांत तें रक्षक द्रव्यच नव्हतें, असें पुढें दिसून आलें. योग्य औषधानें तो बरा झाला.

रानाची सीमा आपणच पुढें ढकलतों आणि मग रानांतील जीव आपल्या दारीं आला म्हणून त्यास दोष देतों. ऑपॉसम हा कोणाचा वैरी नव्हे. तो केवळ आपलें पोट भरीत असतो. शेजार बदलतां येत नसेल, तर त्याचे गुणदोष जाणून आपलें घर व आपलें ताट राखणें हेंच शहाणपणाचें होय. आणि सूक्ष्मदर्शकाखालीं धीरानें पाहणाऱ्या माणसांनीं आपल्यास हेंच शिकविलें आहे.