उच्च भोजनगृहांची तुलना : पदार्थ, सेवा आणि पंगत

दोन नामांकित भोजनगृहांपैकी श्रेष्ठ कोणते, हा प्रश्न वरकरणी केवळ रुचीचा वाटतो. परंतु तुलना म्हटली की तिला माप हवे, आणि माप बदलले की निर्णयही बदलतो. प्रस्तुत लेखात हे माप कोणते असावे, याचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी एक उदाहरण दक्षिण अमेरिकेतील लिमा या महानगराचे, तर दुसरे आपल्या रत्नागिरीचे घेतले आहे. या दोन स्थळांत अंतर फार असले, तरी दोन्ही समुद्रकाठची आहेत आणि दोन्हींच्या ताटात मासळीला मानाचे स्थान आहे. तेथे कच्च्या मासळीला लिंबाच्या रसात मुरवून मिरची व कांद्यासह वाढतात. येथे बांगड्याच्या कालवणात तिरफळे पडतात आणि जेवणाचा शेवट आमसुलाच्या सोलकढीने होतो.

पेरू देशाची राजधानी असलेल्या लिमा शहरातील दोन भोजनगृहे अलीकडे जगप्रसिद्ध झाली आहेत. जगातील पन्नास उत्कृष्ट भोजनगृहांच्या यादीत २०२३ साली ‘सेंत्राल’ला आणि २०२५ साली ‘मायदो’ला पहिले स्थान मिळाले. दोहोंची रीत मात्र भिन्न आहे. ‘सेंत्राल’मध्ये विर्खिलिओ मार्तीनेस व पिआ लेऑन या पाककुशल दांपत्याने भोजनाची मांडणी भूगोलाच्या क्रमाने केली. एक पदार्थ समुद्राच्या पाण्याखालील, एक किनाऱ्यावरील, एक अरण्यातील, तर एक अँडीज पर्वताच्या चार हजार मीटरांहून अधिक उंचीवरील, अशा रीतीने जेवणारा बसल्या जागी देशाचा छेद पाहतो. ‘मायदो’चे मित्सुहारु त्सुमुरा यांचे अन्न हे इतिहासाचे अन्न आहे. १८९९ पासून जपानी मजूर पेरूमध्ये येऊ लागले. त्यांच्या वंशजांच्या स्वयंपाकघरात दोन पाकपद्धतींचा जो मिलाफ झाला, त्याला ‘निक्केई’ म्हणतात. तोच येथे परिष्कृत रूपाने वाढला जातो.

अशा तुलनेत सामान्यतः दोन मापे वापरली जातात. पहिले माप पदार्थाचे : जिन्नस, चव, कल्पकता. दुसरे सेवेचे : वाढण्याचा क्रम, आसन, आदरातिथ्य. ही मापे आपल्याकडेही लागू पडतात. रत्नागिरीच्या खाणावळीत सर्व पदार्थ एकदम ताटात येतात आणि भात पुन्हा विचारला जातो. उच्च भोजनगृहात एकेक पदार्थ स्वतंत्रपणे येतो व त्याची माहितीही सांगितली जाते. पहिल्या ठिकाणी आग्रह हे आदराचे लक्षण, तर दुसऱ्या ठिकाणी संयम. एकाच्या मापाने दुसऱ्याला उणे ठरविणे हा तुलनेतील दोषच होय.

परंतु या दोन मापांच्या पलीकडे तिसरे एक माप आहे, आणि ते शिकविण्यास रत्नागिरीइतके योग्य स्थळ विरळाच. ते माप पंगतीचे : आपल्या शेजारी कोणास बसता येते आणि कोणास नाही?

हा प्रश्न आपल्या समाजात किती तीव्र होता, हे सर्वश्रुत आहे. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना, तसेच न्यायमूर्ती रानडे यांना, पुण्यातील पंचहौद मिशनमधील १८९० च्या चहापानाच्या प्रसंगावरून ग्रामण्यास तोंड द्यावे लागले. एका पेल्याने धर्म बाटतो अशी समजूत असलेल्या काळात सार्वजनिक उपाहारगृह ही साधी सोय नव्हती. ती सामाजिक कसोटी होती. स्थानबद्धतेत रत्नागिरीस राहत असलेल्या विनायक दामोदर सावरकर यांच्या प्रेरणेने १९३१ मध्ये भागोजीशेठ कीर यांच्या द्रव्यसाहाय्याने पतितपावन मंदिर उभे राहिले आणि १९३३ मध्ये अखिल हिंदु उपाहारगृह सुरू झाले. तेथील चहा इतर ठिकाणच्या चहाहून वेगळा होता असे नव्हे. वेगळी होती ती बैठक : अस्पृश्य मानलेल्यांसह सर्व जातींच्या हिंदूंना तेथे एकत्र बसता येई. त्या द्वाराची रुंदी कोठपर्यंत होती, हेही त्याच्या नावातच स्पष्ट होते. पदार्थ व सेवा या दोनच मापांनी पाहणाऱ्यास या उपाहारगृहात नोंद घेण्याजोगे काहीच आढळले नसते.

पुढे हेच माप कायद्यात आले. १९५० साली अंमलात आलेल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकास सार्वजनिक उपाहारगृहात मज्जाव करण्यास बंदी केली. १९५५ च्या अस्पृश्यताविषयक अधिनियमाने तर उपाहारगृहातील भांडी वापरण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे हाही अपराध ठरविला. निराळ्या पेल्याची प्रथा किती खोल रुजली होती, हे या एका तरतुदीवरून ध्यानात यावे.

मग आज तिसऱ्या मापाचे प्रयोजन संपले काय? तसे म्हणता येत नाही. आता दारावरचा पहारा जातीच्या नावाने उभा नसतो. तो किंमत, पोशाख आणि पदार्थपत्रिकेची भाषा या रूपांनी असतो. लिमामध्येही हा प्रश्न उठला. १९९४ मध्ये ‘आस्त्रिद इ गास्तोन’ हे भोजनगृह पत्नीसह स्थापन करणारे गास्तोन आकुरिओ यांनी शहराच्या सीमेवरील पाचाकुतेक या गरीब वसाहतीत तरुणांसाठी पाकशाळा उभारण्यात पुढाकार घेतला. त्यामुळे जेवणाऱ्यांची पंगत रुंदावली नाही, हे खरे. पण स्वयंपाकघराचे दार तरी उघडले.

उलट, स्वस्त खाणावळ ही आपोआप सर्वांना खुली असते, असेही मानू नये. तेथे एकटी स्त्री निःसंकोचपणे जेवावयास बसू शकते काय, हे पाहिल्याशिवाय निर्णय देणे घाईचे ठरेल.

म्हणून भोजनगृहांचा तौलनिक अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या टिपणवहीत तीन रकाने आखावेत. पहिल्यात काय वाढले, दुसऱ्यात कसे वाढले आणि तिसऱ्यात कोण जेवले, कोणी रांधले व कोण दारातूनच परत गेले, याची नोंद करावी. पहिले दोन रकाने भरणे सोपे असते, कारण ते ताटासमोर बसूनच भरता येतात. तिसऱ्यासाठी मात्र ताटावरून उठून दारापर्यंत जावे लागते.